सर, मावशी आणि लिस्बन शहर

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी जाऊ लागली आहेत. एके काळी रोम, लूर्द किंवा पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्या माणसाला गावात विशेष मान असे. त्याने आणलेली जपमाळ पाहण्यासाठी शेजारीपाजारी जमत. आता मुले परदेशात नोकरीला असतात, आईवडिलांच्या पासपोर्टवर शिक्के पडतात आणि रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या आवारात पॅरिस, दुबई नि सिंगापूरच्या गोष्टी निघतात. ही आनंदाचीच बाब आहे. मात्र या गोष्टी ऐकताना एक गंमत माझ्या ध्यानात आली आहे. एकाच सहलीला गेलेल्या पतिपत्नींच्या आठवणी सहसा जुळत नाहीत. त्याला मनोऱ्याची उंची आठवते, तर तिला मनोऱ्याखाली फुले विकणारी म्हातारी. दिवसभर बरोबरीने चालूनही दोघांनी जणू दोन निरनिराळी शहरे पाहिलेली असतात.

अशाच एका जोडप्याबरोबर मी लिस्बनमध्ये घालवलेल्या एका दिवसाची ही हकीगत आहे. त्या दोघांच्या संमतीनेच ती लिहीत आहे. नावे तेवढी गाळतो.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात धर्मग्रामातील तीसेक भाविकांना घेऊन मी फातिमाच्या यात्रेला गेलो होतो. १९१७ साली तीन गुराखी मुलांना पवित्र मरियेची जी दर्शने झाली, त्यांतील अखेरचे १३ ऑक्टोबरचे. त्या दिवसाची मिस्सा व मिरवणूक आटोपून आम्ही लिस्बनला आलो. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस मोकळा होता. बहुतेक मंडळींनी बाजाराची वाट धरली. सर आणि मावशी मात्र माझ्याकडे आले. "फादर, आज आमच्याबरोबर चला," मावशी म्हणाल्या. "एकटे गेलो तर आमचं भांडण व्हायचं."

सर म्हणजे माझे शाळेतील इतिहासाचे शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. वसईचा तह म्हटले की पुस्तकातला १८०२ चा तह सांगण्याआधी ते १५३४ चा तह सांगत. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली तो. निवृत्तीनंतर त्यांचे वाचन वाढले. गोव्यातील धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा इतिहास त्यांनी मुळापासून वाचला आणि त्या वाचनाने त्यांच्या श्रद्धेला जबर तडा गेला. गेली पंधरा वर्षे ते मावशींना स्कूटरवरून देवळापर्यंत आणत आणि मिस्सा संपेपर्यंत आवारातील गुलमोहराखाली वर्तमानपत्र वाचत बसत. गावात थोडी कुजबुज झाली, मग गावालाही सवय झाली. मावशींनी कुणाकडे तक्रार केली नाही. परंतु रात्रीची जपमाळ, जी दोघे लग्नापासून एकत्र म्हणत, ती त्या एकट्याच म्हणू लागल्या.

लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला काय हवे, असे मुलांनी विचारले तेव्हा मावशींनी फातिमाची यात्रा मागितली, तीही सरांसह. सर कबूल झाले, पण त्यांनीही एक अट घातली. "ज्यांनी आमच्या पूर्वजांना बाटवलं, त्यांची राजधानी मला एकदा डोळ्यांनी पाहायची आहे." मावशींना याच शहरात संत अंतोनीच्या जन्मस्थानी जायचे होते. एक दिवस, दोन याद्या आणि मधोमध मी!

सकाळी हॉटेलात खोलीची किल्ली परत करताना तेथील तरुणी "शाव्ह" असे काहीसे म्हणाली. सरांनी कान टवकारले. "चावी! आपली चावी इथलीच." मग बसथांब्यापर्यंत त्यांचा वर्गच भरला. पाव, बटाटा, काजू, अननस, साबण, बालदी, घमेले, बिजागरी, तंबाखू आणि आम्हां धर्मगुरूंना लोक म्हणतात तो पाद्री, हे सारे शब्द याच भाषेतून आपल्याकडे आले. "पगारसुद्धा," सर म्हणाले, "यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे."

"म्हणजे दर एक तारखेला तुम्ही यांचाच शब्द घरी आणत होता की!" मावशी म्हणाल्या. सर हसले. दिवसाची सुरुवात बरी झाली होती.

आम्ही प्रथम पंधरा क्रमांकाच्या ट्रामने बेलेम भागात गेलो. तागुस नदी तेथे समुद्रास मिळायच्या बेतात असते. पात्र एवढे रुंद की आपल्याला वसईची खाडी आठवावी. याच किनाऱ्यावरून पूर्वेकडे जाणारी गलबते सुटत. काठाजवळ जेरोनिमोस मठ आहे. राजा पहिला मॅन्युएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याचे काम सुरू केले. खर्चाचा मोठा वाटा पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील करातून उभा राहिला. म्हणजे मलबारच्या मिऱ्यांतून हे खांब उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल. पाथरवटांनी दगडात जहाजाचे दोरखंड आणि त्यांच्या गाठी अशा कोरल्या आहेत की कोळ्याच्या पोराने हात लावून पाहाव्यात. १९८३ पासून हा मठ जागतिक वारसा म्हणून गणला जातो.

आत शिरताच वास्को द गामाची कबर लागते. १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी तो कोचीला वारला. तेथे पुरलेले त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला आणले गेले आणि १८८० मध्ये या मठात ठेवण्यात आले. सर कबरीपाशी थांबले आणि हलक्या आवाजात मावशींना सांगू लागले. १५०२ साली याच माणसाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे एक जहाज अडवले आणि बायकामुलांसकट त्याला आग लावली. जहाजावरच्या आया आपली तान्ही मुले उचलून दाखवत होत्या, असे त्याच्याच ताफ्यातील एकाने लिहून ठेवले आहे.

मावशींनी काही न बोलता पिशवीतून जपमाळ काढली.

"कुणासाठी?" सरांनी विचारले.

"आधी त्या बायामुलांसाठी. मग याच्यासाठी. याला जास्तच लागेल."

मी सेमिनरीत ईशज्ञान शिकलो, मृतात्म्यांसाठी करावयाच्या प्रार्थनेवर प्रवचनेही केली. पण एका जळत्या जहाजाच्या कहाणीवर इतक्या थोड्या शब्दांत उत्तर द्यायला मला जमले नसते. नदीवरून परमुलखात जाणाऱ्या खलाशांसाठी प्रार्थना करणे हे या मठातील संन्याशांचे नेमून दिलेले काम होते. १८३४ मध्ये पोर्तुगालात मठ बंद करण्यात आले तेव्हा ती प्रार्थना थांबली. त्या सकाळी वसईच्या एका बाईने ती पाचदहा मिनिटे पुन्हा सुरू केली, असे मला वाटून गेले.

मठाशेजारी एक जुने मिठाईचे दुकान आहे. मठाच्या पाककृतीवरून केलेली, अंड्यांच्या बलकाची छोटी गरम टार्टे तेथे १८३७ पासून विकली जातात. अंड्यातील पांढरे झग्यांना खळ करायला जाई आणि उरलेल्या पिवळ्याचे काय करायचे म्हणून ही मिठाई निघाली, अशी गोष्ट तेथे सांगतात. मावशींनी एक टार्ट चाखून त्यात दालचिनी किती, दूध किती, याचा अंदाज बांधला. इतिहासावर रागावलेल्या सरांनी दोन खाल्ली.

नदीकाठी दर्यावर्दींचे मोठे स्मारक आहे. १९६० साली उभारलेले, बावन्न मीटर उंचीचे, जहाजाच्या नाळेच्या आकाराचे. त्यावर कोरलेल्या पुतळ्यांत राजे आहेत, नकाशे काढणारे आहेत आणि संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते या शहरातून निघाले आणि ६ मे १५४२ ला गोव्यास पोचले. मी हे उत्साहाने सांगत असता सरांनी मला थांबवले.

"फादर, गोव्यात इन्क्विझिशन आणा, अशी मागणी करणारं पत्रही याच संताने राजाला लिहिलं होतं. १५४६ साली. तुम्ही प्रवचनात ते कधी सांगत नाही."

मावशींनी घाबरून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सर, ते पत्र खरं आहे. पोर्तुगीज अंमलदारांच्या लोभामुळे नवख्रिस्ती लोकांचे हाल होत आहेत, असं त्याच राजाला खडसावून कळवणारी पत्रंही खरी आहेत. दोन्ही एकाच हातची."

"मग संत कशाला म्हणायचं?"

"ज्या माणसाने आपलं सगळं देवाला दिलं, त्याच्याही डोळ्यांवर त्याच्या काळाची झापड असू शकते. चर्च संताला निर्दोष म्हणत नाही. संतांनीही प्रायश्चित्त संस्कार घेतला आहे."

सर काही बोलले नाहीत. या उत्तराने त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण वर्गात एखाद्या पोराच्या उत्तराला अर्धे गुण देताना ते जशी मान हलवत, तशी त्यांनी हलवली.

दुपारी आम्ही मावशींच्या यादीकडे वळलो. लिस्बन सात टेकड्यांवर वसलेले आहे असे म्हणतात. मावशींच्या गुडघ्यांच्या हिशेबाने त्या सत्तर असाव्यात. मूरांकडून शहर जिंकल्यावर, म्हणजे ११४७ नंतर बांधलेले कॅथीड्रल चढावर उभे आहे आणि त्याच्या पायथ्याशी संत अंतोनीचे छोटे चर्च. आपण ज्याला पदुआचा अंतोनी म्हणतो तो मूळचा लिस्बनचा. जन्म ११९५ चा, पाळण्यातले नाव फर्नांदो. जेथे त्याचे घर होते असे मानतात, तेथेच हे चर्च आहे. १७५५ च्या भूकंपात ते कोसळले तेव्हा शहरातील मुलांनी दारोदार फिरून 'संत अंतोनीसाठी एक नाणे' मागितले, अशी आठवण लोक अजून सांगतात. १३ जूनच्या सणाला या गल्ल्यांत घरोघरी मासळी भाजली जाते. १९५८ पासून, मधली काही वर्षे सोडता, गरजू जोडप्यांची सामुदायिक लग्ने संत अंतोनीच्या नावाने शहरात लागतात.

तळघरातील जन्मस्थानी आम्ही तिघेच होतो. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी येथे प्रार्थना केली होती. मावशी म्हणाल्या, "फादर, मुलीपणी मी तेरा मंगळवार केले होते. नवरा चांगला मिळावा म्हणून. आणि अंतोनीने हे दिले."

"तक्रार असेल तर आता इथंच नोंदवून टाक," सर म्हणाले.

"तक्रार नाही. पण हरवलेलं शोधून देतो ना तो? तेवढंच मागितलं."

काय हरवले ते त्यांनी सांगितले नाही आणि सरांनी विचारलेही नाही. पन्नास वर्षे बरोबर राहिलेल्या माणसांना काही प्रश्न विचारावे लागत नाहीत. मावशींच्या विनंतीवरून मी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून आशीर्वाद दिला. सर जरा संकोचले, पण बाजूला झाले नाहीत.

शहराच्या सखल भागातून वरच्या कार्मो वस्तीत जाण्यासाठी १९०२ साली बांधलेली लोखंडी लिफ्ट आहे. मावशींचे गुडघे त्या लिफ्टवर सोपवून आम्ही वर गेलो आणि कार्मेल मठाच्या देवळात शिरलो. शिरलो म्हणायचे एवढेच, कारण त्या देवळाला छप्पर नाही. दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांवर नुसत्या कमानी आणि वर निळे आकाश.

सर जागच्या जागी उभे राहिले. "अगं, हे तर आपल्या किल्ल्यातलं देऊळ!"

वसईच्या किल्ल्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तीच छपराविना उभी भिंत, तसाच दगडांतून उगवलेला गवताचा वास. सेनापती नुनो आल्व्हारेस परेरा याने १३८९ मध्ये हा मठ स्थापला, पुढे तलवार ठेवून तो येथेच साधा व्रतस्थ म्हणून राहिला. २००९ साली त्याला संतपद देण्यात आले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकल संतांच्या सणाला सकाळी लोक मिस्सेला जमलेले असताना भूकंप झाला. वेदीवरच्या मेणबत्त्या कलंडून आगी लागल्या, नदीकडे पळालेल्यांवर समुद्राची लाट आली. हजारो माणसे मेली. सणाच्या दिवशी, प्रार्थना करीत असलेल्या माणसांवर देवळे कोसळावीत, याचा अर्थ युरोपातील विचारवंत पुढे कित्येक वर्षे शोधत राहिले.

"आपली वसई पडली १७३९ ला," सर म्हणाले. "चिमाजी अप्पांनी घेतली. इथं सोळा वर्षांनी हे. तिथल्या घंटा भीमाशंकरला नि नाशिकला गेल्या, इथल्या ढिगाऱ्याखाली गेल्या." थोडा वेळ थांबून ते पुढे म्हणाले, "लहानपणी मला वाटायचं, राज्य करणारे हे लोक म्हणजे न पडणारे. इथं येऊन पाहतो तर यांचंही छप्पर उडालेलं."

मावशी एका दगडावर बसल्या होत्या. "आपल्या किल्ल्यात गोन्सालो गार्सियाच्या सणाला मिस्सा होते ना," त्या म्हणाल्या. "राज्य गेलं, मिस्सा राहिली. ती काय त्या राजांची होती?"

शेवटचे ठिकाण दोघांच्याही यादीत नव्हते. ते मी निवडले होते. कार्मोहून उतरून रोसियो चौक ओलांडला की एका छोट्या चौकात संत डॉमिनिकचे चर्च लागते. चौकात एक गोल दगडी स्मारक आहे आणि त्यावर दाविदाचा तारा कोरलेला आहे. १४९७ साली पोर्तुगालातील ज्यूंना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला होता. १५०६ च्या एप्रिलमध्ये या देवळातील क्रूसावर प्रकाश दिसला आणि लोक चमत्कार म्हणू लागले. एका नवख्रिस्ती माणसाने तो नुसता उजेडाचा खेळ आहे असे म्हणताच जमावाने त्याला ठार केले. दोन संन्याशांनी जमावाला चिथावले. तीन दिवस कत्तल चालली. दोन हजार किंवा त्याहून अधिक ज्यू वंशाचे लोक मारले गेले. राजाने नंतर त्या दोन संन्याशांना देहान्त शिक्षा दिली. पुढे इन्क्विझिशनचा वाडाही येथून हाकेच्या अंतरावर होता. २००० साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली त्याच वर्षी, लिस्बनचे तेव्हाचे पेट्रिआर्क होसे पोलिकार्पो यांनी या चौकात ज्यू समाजापुढे क्षमायाचना केली.

सर स्मारकापाशी बराच वेळ उभे होते. मावशी तोवर देवळात गेल्या. थोड्या वेळाने सर म्हणाले, "तुम्ही मला मुद्दाम इथं आणलंत."

"हो सर. हे तुम्हाला गाईडने दाखवण्याआधी तुमच्या धर्मगुरूने दाखवावं, असं वाटलं."

आम्ही आत गेलो. १९५९ साली या देवळाला मोठी आग लागली. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, पण जळालेले खांब तसेच ठेवले. दगडांचे मोठमोठे पापुद्रे निघालेले, कडा उडालेल्या, तडे गेलेले. कुठे गिलावा देऊन ते झाकलेले नाही. त्या जखमी खांबांच्या मधोमध वेदी आहे आणि वेदीवर रोज मिस्सा होते. आफ्रिकेतून आलेल्या काही बाया गुडघ्यांवर प्रार्थना करीत होत्या. त्यांच्याच मागच्या बाकावर मावशी होत्या, हातात जपमाळ.

सरांनी एका खांबाच्या तुटक्या कडेवरून हात फिरवला. मग ते बाकांच्या ओळीतून गेले आणि मावशींच्या शेजारी बसले. त्यांनी काही म्हटले की नाही, मला ठाऊक नाही. मी मागे उभा होतो. मावशींच्या हातातील जपमाळेचे दुसरे टोक मात्र सरांच्या मुठीत दिसले.

वाचकहो, येथे चमत्कार झाला असे कुणी समजू नये. परत आल्यावर सर ख्रिस्तप्रसाद घेऊ लागलेले नाहीत. त्यांचे प्रश्न शिल्लक आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. परंतु गुलमोहराखालची जागा आता रिकामी असते. सर आत, शेवटच्या बाकावर, मावशींच्या शेजारी बसतात. माझ्या विनंतीवरून त्यांनी आमच्या युवकांसाठी 'आपल्या धर्माचा वसईतील इतिहास' या विषयावर चार वर्ग घेतले. गोव्यात १५६० ला सुरू होऊन, मधली थोडी वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चाललेल्या इन्क्विझिशनलाच त्यांनी एक संपूर्ण वर्ग दिला. काही पालक माझ्याकडे नाराजी व्यक्त करून गेले. मी त्यांना त्या लिस्बनच्या देवळाबद्दल सांगितले. आपल्या मुलांना हा इतिहास कधी ना कधी कळणारच आहे. तो देवळाच्या आत कळला तर ती आत थांबून विचार करतील, बाहेर कळला तर बाहेरच राहतील.

पतिपत्नींना मात्र माझे एक वेगळे सांगणे आहे. तुम्ही परदेशी जाल तेव्हा जरूर मनोरे पाहा, बाजार पाहा, फोटो काढा. पण दिवसातले दोन तास आपल्या जोडीदाराच्या यादीसाठी राखून ठेवा. तिला जिथे गुडघे टेकायचे असतील तिथे थोडा वेळ उभे राहा; त्याला जिथे राग येतो, तिथे तो का येतो ते ऐकून घ्या. सर आणि मावशी यांनी त्या दिवशी हेच केले. एकाने दुसऱ्याची यादी खोडली नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. मावशींनी अंड्याच्या बलकाची टार्टे करून पाहिली होती. सरांचे म्हणणे पडले की दालचिनी जास्त झाली आहे. मावशी म्हणाल्या, बेलेमलाही तेवढीच होती. यावर दोघांचे काही केल्या एकमत होईना, आणि मी तेवढ्यात तिसरे टार्ट उचलले.